पाळतीखालचा गोवा : पत्रादेवी ते आग्वाद

गोव्याचा नकाशा उघडला की आधी नद्या पाहाव्यात. उत्तरेला तेरेखोल, मग शापोरा, मांडवी, झुआरी, खाली साळ आणि तळपण. पोर्तुगीज अमदानीत पणजीला मांडवीवर पूल नव्हता. पहिला पूल झाला १९७० साली. झुआरीच्या मुखावरचा पूल यायला १९८३ उजाडलं. बार्देशातल्या माणसाला पणजी गाठायची तर बेतीच्या धक्क्यावर यावंच लागे, होडीची किंवा गाझोलीनची (मोटरबोटीची) वाट बघत चारचौघांत उभं राहावं लागे. त्या धक्क्यावर रोज उभा राहणारा एक माणूस अख्ख्या तालुक्याची ये-जा ओळखू शकतो. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तीन तालुके साडेचारशे वर्षं धाकात कसे राहिले, हे समजून घ्यायचं तर अशा अडवणुकीच्या जागा पायाखालून घालायला हव्यात. म्हणून ही वाट किनाऱ्याकिनाऱ्याने न आखता सीमा, धक्के, छापखाने, स्टेशन आणि तुरुंग यांच्यावरून आखली आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. दुचाकी चालत असेल तर तीच घ्यावी, फेरीबोटीवर चढवायला सोपी जाते आणि जुन्या गोव्यात गाडी लावायची कटकट राहत नाही.

पहिला दिवस : बांदा, पत्रादेवी, तेरेखोल

सावंतवाडी सोडून बांद्यावरून महामार्गाने दक्षिणेकडे गेलं की पत्रादेवी लागते. इथे गोव्याची हद्द सुरू होते. रस्त्यालगत हुतात्मा स्मारक आहे. बहुतेक गाड्या वेगात पुढे निघून जातात, म्हणून आधीच वेग कमी करावा.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी वेगवेगळ्या वाटांनी हजारो नि:शस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले. पत्रादेवीला पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. लुधियाना जिल्ह्यातल्या इसरू गावचे कर्नैलसिंग इथे पडले. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोद्राबाई राय गोळ्या लागून जखमी झाल्या. त्या दिवशी सगळ्या सीमांवर मिळून वीसहून अधिक माणसं मेली. या सत्याग्रहींच्या हातात झेंड्याशिवाय काही नव्हतं, तरी गोळी का घातली? सीमा ओलांडून माणसं सुखरूप आत आली असती आणि संध्याकाळी घरी परत गेली असती, तर पलीकडून बघणाऱ्या पेडणेकराला इतकंच कळलं असतं की ही रेघ ओलांडता येते. ते कळू देणं पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारला परवडणारं नव्हतं.

पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. इथल्या माणसांचा रोटीबेटी व्यवहार, बाजारहाट, दशावतार सगळं सावंतवाडीशी जोडलेलं. गोळीबारानंतर भारताने गोव्यातली आपली वकिलात बंद केली, रेल्वे थांबली, आधीपासून आवळत आलेली आर्थिक नाकेबंदी पक्की झाली. बांद्याला माहेर असलेल्या सुनेला परवान्याशिवाय आईला भेटता येईना. पत्रं फोडून वाचली जात, त्यामुळे पत्रात लिहायचं ते फक्त तब्येतीचं आणि पावसापाण्याचं. हे स्पष्ट सांगायला हवं की नाकेबंदीचा चटका लिस्बनपेक्षा साध्या गोंयकाराला जास्त बसला. मुंबईतल्या नोकरदाराच्या मनीऑर्डरवर चालणारी घरं त्यात पोळली.

पत्रादेवीहून तेरेखोलला दोन वाटांनी जाता येतं. एक पेडण्यावरून केरीला जाऊन फेरीने. दुसरी महाराष्ट्रातून, शिरोडा-रेडीवरून थेट जमिनीने. फेरी भरती-ओहोटीप्रमाणे खोळंबते, तेव्हा केरीला पोचण्याआधी चौकशी करावी. शक्य असेल तर जाताना रेडीची वाट घ्यावी आणि येताना फेरी, कारण त्यातच या किल्ल्याचं मर्म आहे. तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर आहे. बाकीच्या गोव्यापासून पाण्याने तुटलेला, जमिनीने मात्र महाराष्ट्राला चिकटलेला. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली गोमंतकीय सत्याग्रहींची तुकडी जमिनीवरून चालत आली आणि किल्ल्यावर तिरंगा लावला. पोर्तुगिजांची कुमक नदी ओलांडून येणार, त्याला वेळ लागणार. पुढे सगळे पकडले गेले, तुरुंगात गेले. पण लिस्बन जगाला सांगत होतं की गोव्यातले ख्रिस्ती आमच्यावर खूश आहेत, गडबड बाहेरच्यांची आहे. आफोन्सो या नावाने त्या प्रचाराला भोक पडलं.

किल्ल्यात पुढे हॉटेल झालं. आतलं सांत आंतोनीचं चर्च पाहायचं असेल तर दारात विचारून जावं.

दुसरा दिवस : जुने गोवे

पणजीहून दहा किलोमीटर. सकाळी साडेआठच्या आत पोचावं. दहानंतर सहलींच्या बसगाड्या येतात आणि चौकात उभं राहून काही समजून घेता येत नाही.

पर्यटक से कॅथेड्रल आणि बॉम जेझूस पाहून परततात. ज्या इमारतीच्या धाकावर हे शहर चालत होतं ती मात्र आज उरलेली नाही. से कॅथेड्रलच्या दक्षिणेला, आज मोकळी जागा आणि बाग दिसते त्या बाजूला, आदिलशाहीतला सबायोचा राजवाडा होता. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं ख्रिस्ती धर्मन्यायालय, गोव्यात आलं आणि या वाड्यात बसलं. लोक त्याला ओर्लें घर, म्हणजे मोठं घर, म्हणत. १७७४ मध्ये ते बंद केलं गेलं, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि १८१२ मध्ये कायमचं गेलं. पुढे इमारतही पाडली. बहुतेक कागदपत्रं जाळून टाकली गेली. सोळा हजारांवर खटल्यांच्या याद्या तेवढ्या राहिल्या, त्यावरून व्याप्ती कळते.

एक गैरसमज आधी दूर करावा. हे न्यायालय मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी होतं. पहिल्या काळात पोर्तुगालहून आलेले, मूळचे ज्यू असलेले नवे ख्रिस्ती. नंतर मोठ्या संख्येने इथलेच बाटलेले गोंयकार, ज्यांच्यावर जुने आचार पाळल्याचा आळ येई. धर्मांतराला अडथळा आणण्यासारख्या काही बाबतींत बाप्तिस्मा न घेतलेले हिंदूही त्याच्या कचाट्यात सापडत.

काम कसं चाले ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण पुढच्या काळातल्या गुप्त पोलिसांनीही याच पद्धती वापरल्या. पहिली पायरी जाहीरनाम्याची. चर्चमध्ये तो वाचला जाई. अमुक मुदतीत स्वतःचं पाप कबूल करा आणि दुसऱ्याचं माहीत असेल तर सांगा. माहीत असून सांगितलं नाही तर तोही गुन्हा. या एका वाक्याने घरातली बायको, शेजारी, मोलकरीण सगळे एकमेकांचे साक्षीदार झाले. ज्याने तक्रार केली नाही त्याला भीती, की दुसऱ्या कुणी केली आणि आपलं नाव ‘माहीत असून गप्प बसला’ म्हणून आलं तर? मग तो आधीच जाऊन सांगून येई.

दुसरी पायरी अटकेची. तक्रार कोणी केली ते सांगायचं नाही, आणि काय केली तेही सांगायचं नाही. कैद्याला फक्त म्हणायचं, आपल्या मनाला विचारून कबूल कर. मालमत्ता अटकेच्या दिवशीच जप्त. कैदी आठवून आठवून बोलू लागे, आणि त्याने सांगितलेलं मूळ तक्रारीत नसेल तर तो नवा गुन्हा, असेल पण अर्धवट असेल तर अपुरा कबुलीजबाब. बरोबर कोण होतं त्यांची नावंही द्यावी लागत. म्हणजे एका अटकेतून पुढच्या चार अटका निघत.

फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ दमणला १६७३ मध्ये पकडला गेला आणि १६७४ च्या सुरुवातीला इथे आणला गेला. त्याने १६८७ मध्ये आपली हकीकत छापली, तीतून या इमारतीचं आतलं रूप कळतं. चौरस कोठड्या, उंचावरच्या खिडक्या, आणि सगळ्यात कडक नियम शांततेचा. रडणं, मोठ्याने प्रार्थना करणं, शेजारच्या भिंतीवर टकटक करणं, कशालाही परवानगी नाही. पहारेकरी येऊन मारत. शेजारी कोण आहे, तो आपला भाऊ आहे की ज्याने आपलं नाव दिलं तोच, हे कळू नये म्हणून. देलाँने आत स्वतःचा जीव घेण्याचेही प्रयत्न केले.

जानेवारी १६७६ मध्ये शिक्षा जाहीर करण्यासाठी इतर कैद्यांबरोबर त्याची मिरवणूक निघाली. से च्या मनोऱ्यातली मोठी घंटा वाजली. ती आजही तिथे आहे. अनवाणी कैदी, अंगात रंगवलेले झगे. पश्चात्ताप केलेल्यांच्या पिवळ्या झग्यावर आडवी फुली, जाळायला काढलेल्यांच्या झग्यावर ज्वाळा आणि सैतान. मिरवणूक गावातून फिरून सांत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये जाई. से च्या मागेच ते आहे, त्याच्या शेजारी आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. एरवी सगळं गुपचूप चाले, शिक्षा मात्र गावभर दाखवायची. सुटलेल्याकडून आत जे पाहिलं ते बोलणार नाही अशी शपथ घेत. गावात परतलेला माणूस काही सांगत नाही, आणि शेजारी त्याच्या न सांगण्यावरून काय ते समजतात.

१४ एप्रिल १७३६ चा जाहीरनामा तर घराच्या चुलीपर्यंत पोचला. अंगणात तुळस नको. बिनमिठाचा भात शिजवायला नको. एकादशीचा उपास नको. लग्नात पानसुपारी, फुलं, जुनी गाणी नकोत. पुडवें (धोतर) नको, चोळी नको. ज्या गोष्टी माणूस विचार न करता करतो नेमक्या त्याच गुन्ह्याच्या यादीत घातल्या. अशा यादीमुळे पाळत ठेवणं स्वस्त पडतं. भात कसा शिजला हे पाहायला शिपाई लागत नाही, पाहुणा पुरतो.

निघताना हातकातरो खांब पाहावा. जुन्या देवळाचा वाटणारा काळा दगडी खांब, रस्त्याच्या मध्ये. लोकांच्या आठवणीत तो धर्म न सोडणाऱ्यांचे हात तोडण्याचा खांब आहे; अभ्यासक त्याला जाहीर शिक्षेचा खांब मानतात. तिथे गाडी थांबवायला जागा नाही, पुढे लावून चालत यावं.

तिसरा दिवस : दिवाडी, नार्वे, अंत्रुज

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीने दिवाडीला, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्व्याला. पाण्यावरचा वेळ जेमतेम काही मिनिटांचा, पण सोळाव्या शतकात त्या काही मिनिटांवर राज्य बदलत होतं. दिवाडीचं सप्तकोटेश्वराचं देऊळ मोडलं गेलं आणि लिंग पलीकडे नार्व्याला आलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधवलं.

दुपारनंतर अंत्रुज, म्हणजे फोंडा महालात. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये झुआरी ओलांडून प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्याला. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. देव गेले, त्यांच्यामागे त्यांना कुलदैवत मानणारे कुळावी गेले, काही बाटून मागे राहिले. मागे राहिलेल्याने जत्रेला नदी ओलांडली तर तो गुन्हा. इथेही धक्काच, रात्रीची होडी आणि पोटात गोळा. फोंडा पोर्तुगिजांकडे आला १७६३ मध्ये, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि ही देवळं टिकली. चारही देवळं एकमेकांपासून जवळ आहेत, अर्ध्या दिवसात आरामात होतात.

चौथा दिवस : पणजी, बेती, म्हापसा

आजचा दिवस विसाव्या शतकाचा आणि चालण्याचा. सुरुवात मिनेझिस ब्रागांझा संस्थेपासून करावी. लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे संपादक आणि कायदे मंडळाचे सभासद. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं तेव्हा गोव्यालाही थोडा मोकळा श्वास मिळाला. पोर्तुगीज, मराठी, कोंकणी वृत्तपत्रं निघाली, हिंदूंना सरकारी दरवाजे उघडले. १९२६ च्या लष्करी उठावाने ते दिवस संपले. १९३० च्या वसाहत कायद्याने समुद्रापलीकडचे मुलूख ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणं हे पोर्तुगालचं ऐतिहासिक कार्य ठरवलं. ४ जुलै १९३० ला मिनेझिस ब्रागांझांनी मंडळात त्याविरुद्ध ठराव मांडला. त्यानंतर असं उघड बोलणं फार काळ शक्य राहिलं नाही.

छापखान्यावर पकड कशी बसली ते तपशिलाने सांगायला हवं. मजकूर छापण्याआधी प्रूफं सेन्सॉरच्या कचेरीत न्यायची. तिथून तीन प्रकारे उत्तर येई: मंजूर, काटछाटीसह मंजूर, रद्द. तो काळ खिळे जुळवण्याचा. एक अग्रलेख जुळवायला कंपोझिटरचा दिवस जाई. रद्द झाला की मजुरी बुडाली, फॉर्म सोडवून नवा मजकूर भरायचा, अंक उशिरा निघायचा, टपाल चुकायचं. कापलेल्या जागी कोरा रकाना सोडायलाही मनाई, कारण कोरा रकाना वाचकाला सगळं सांगून टाकतो. चारदोनदा असं झालं की संपादक लिहितानाच हात आखडता घेई. सेन्सॉरला फारसं काही कापावं लागत नाही अशी अवस्था येते तेव्हा ती व्यवस्था पूर्ण बसलेली असते. सभेला परवानगी, नाटकाला परवानगी, लग्नपत्रिका छापायची तरी मंजुरी.

तोंडी बोलण्याचं काय होत असे, त्याचं उदाहरण डॉ. पुंडलिक गायतोंडे. म्हापशात शस्त्रवैद्य म्हणून नावाजलेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये एका मेजवानीत वक्त्याने गोवा म्हणजे पोर्तुगाल असं म्हटलं. गायतोंडे म्हणाले, माझा निषेध आहे. इतकंच. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला पाठवलं गेलं. त्या टेबलाभोवती बाकी जी माणसं बसली होती त्यांचा विचार करावा. कुणाच्या हातात घास राहिला असेल, कुणी मान खाली घातली असेल. आपण तेव्हा काय केलं याचं उत्तर उद्या कुणीतरी मागेल हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पुढच्या मेजवानीत विषय हवापाण्याचाच निघणार.

पीडे हे गुप्त पोलीस खातं पोर्तुगालात १९४५ मध्ये जुन्या खात्याच्या जागी उभं राहिलं. पन्नाशीच्या दशकात गोव्यातही ते आलं. त्याच्या ताकदीचं गमक माणसांच्या संख्येत शोधू नये. ठिकठिकाणी खबरे, गावात परक्या माणसाची वर्दी देणारा रेजिदोर, धक्क्यावरचा शिपाई. आणि नक्की खबऱ्या कोण हे कुणालाच ठाऊक नाही. खानावळीतल्या दहांपैकी एक जण खबऱ्या असेल तर गप्प दहाही बसतात. पकडलेल्यांना हातावर पालमातोर मिळे: मूठ असलेली जाड लाकडी फळी, गोल पात्याला भोकं पाडलेली. वार तळहातावर, मग तळव्यांवर. हाडं मोडत नाहीत पण हात सुजून भाकरी मोडता येत नाही. गावात परतल्यावर ते हात सगळे बघत. कासिमिरो मोंतेरो हा अधिकारी या मारहाणीसाठी कुप्रसिद्ध होता. पुढे तो पीडेत शिरला आणि १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तु देल्गादु यांच्या खुनात होता; पोर्तुगीज न्यायालयाने १९८१ मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला दोषी ठरवलं.

खटला लष्करी न्यायालयापुढे. कैदेबरोबर नागरी हक्क वर्षानुवर्षं रद्द. १९५६ च्या फर्मानानुसार तर शिक्षा भोगून झाल्यावरही ‘सुरक्षेचा उपाय’ म्हणून सहा महिने ते तीन वर्षं आत ठेवता येई, आणि ती मुदत पुन्हा वाढवता येई. आपण कधी सुटणार हे कैद्याला मोजता येऊ नये, अशी ही तजवीज.

आझाद मैदानात छत्रीखाली पूर्वी आफोन्सो द आल्बुकेर्कचा पुतळा होता. तो आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात. त्याच्या जागी आज गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे. तिथून चालत धक्क्यावर जावं आणि बेतीची फेरी घ्यावी. पलीकडची बेतीची पोलीस चौकी म्हणजे ऑक्टोबर १९५५ मध्ये आझाद गोमंतक दल या सशस्त्र संघटनेने जिच्यावर हल्ला केला ती. मोहन रानडे तिथे जखमी होऊन पकडले गेले. रानडे म्हणजे मूळचे सांगलीकडचे मनोहर आपटे; नाव बदलून ते मराठी शाळामास्तर म्हणून गोव्यात राहिले होते. मास्तराला गावोगाव फिरायला, घराघरात बसायला कारण असतं, म्हणून हा वेष. आणि म्हणूनच मराठी मास्तरांवर नजर.

म्हापसा धावता पाहावा. ६ एप्रिल १९५५ ला सुधाताई जोशी यांनी इथे बंदी मोडून नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेचं अधिवेशन भरवलं आणि त्या पकडल्या गेल्या. जवळच्या अस्नोड्याचे बाळा राया मापारी त्याच वर्षी फेब्रुवारीत पोलिसांच्या छळाने कोठडीत मरण पावले. साथीदारांची नावं त्यांनी दिली नाहीत.

पाचवा दिवस : मडगाव, कुळे

लोहिया मैदान छोटं आहे, आजूबाजूला वाहतूक. १८ जून १९४६ ला मुसळधार पावसात राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस इथे आले. लोहिया असोळण्याला मिनेझिसांच्या घरी विश्रांतीला आले होते. परवानगीशिवाय सभा घ्यायची हाच कार्यक्रम. प्रशासकाने पिस्तूल काढलं, लोहियांनी ते बाजूला सारलं. दोघांना अटक झाली, पण लोक पळाले नाहीत. त्या दिवसांत वत्सला कीर्तनी यांना पकडलं तेव्हा बायका जमून पोलीस ठाण्यावर चालून गेल्या. ‘जय हिंद’ म्हणणं गुन्हा होता. तो एकाच वेळी शेकडोंनी केल्यावर कुणाकुणाला धरणार, हा प्रश्न पहिल्यांदा पोलिसांपुढे आला.

कुळे स्टेशन मडगावहून पूर्वेला, दूधसागरच्या घाटाच्या पायथ्याशी. सप्टेंबर १९४६ मध्ये लोहिया पुन्हा गोव्यात शिरताना इथेच गाडीतून उतरवले गेले आणि आग्वादला नेले गेले. स्टेशन हा धक्क्याचाच भाऊ: एक फलाट, एक दार. रुळांवरून चालत घाटात जाण्याला मनाई आहे, ती पाळावी.

घाटावर कॅसलरॉक. या परिसरातल्या जंगलातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त आकाशवाणी केंद्र चाले. २५ नोव्हेंबर १९५५ ला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ते सुरू केलं, आधी आंबोलीच्या रानात. दादरा-नगर हवेलीत हाती लागलेला ट्रान्समीटर ट्रकवर बसवलेला, कोंकणी आणि पोर्तुगीज बातम्या. आवाजाला धक्का लागत नाही, परवाना लागत नाही. ऐकणाऱ्याला मात्र सावध राहावं लागतं. त्या काळचा व्हॉल्व्हचा रेडिओ तापायला वेळ घेतो, शॉर्टवेव्ह पकडायला बाहेर तार ताणावी लागते आणि ती तार रस्त्यावरून दिसते. ऐकून झाल्यावर काटा दुसऱ्या स्टेशनवर नेऊन ठेवायचा. १९ डिसेंबर १९६१ ला याच दोघांनी विमानातून पणजीवर घिरट्या घालत गोवा मुक्त झाल्याची घोषणा केली.

सहावा दिवस : रेइश मागूश, आग्वाद

रेइश मागूशचा किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग होता. दुरुस्त होऊन २०१२ मध्ये खुला झाला. तटावरून पणजी, मांडवीचं मुख आणि सगळी जलवाहतूक एका नजरेत येते. तेवढं पाहून आग्वादला निघावं.

आग्वादला हमखास एक घोटाळा होतो. ‘आग्वाद फोर्ट’ म्हटलं की रिक्षा-टॅक्सी वरच्या किल्ल्यावर सोडतात, जिथे पाण्याची टाकी आणि १८६४ चं दीपगृह आहे. तुरुंग खाली, समुद्राला लागून आहे, वाट वेगळी. ‘आग्वाद जेल म्युझियम’ असं सांगावं. २०१५ मध्ये कैदी कोलवाळला हलवले, डिसेंबर २०२१ मध्ये हे संग्रहालय झालं. निवांत पाहायला दोन तास लागतात.

कोठड्या पाहताना दारं एकमेकांसमोर आहेत की नाहीत, खिडकीतून काय दिसतं, हे बघावं. राजकीय कैद्यांना एकटं ठेवण्यामागे कारण होतं: एकत्र बसले तर जबाब जुळवतील, नवख्याला धीर देतील. कुन्हा इथल्या काळोख्या, ओल्या कोठडीत होते. १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात पाठवलं. १९५३ मध्ये ते निसटून भारतात आले. समुद्रपार पाठवण्याचा हेतू उघड आहे. घरच्यांना भेट नाही, वकील नाही, आणि गावात फक्त अफवा.

१८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय सैन्य बेतीला पोचलं तेव्हा आग्वादमध्ये कैदी होते. त्यांना सोडवायला निघालेले मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल गोळीबारात पडले. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा शरण आले. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. तो न पाळल्याबद्दल पोर्तुगालात त्यांची सैन्यातून हकालपट्टी झाली. १९७४ ला राजवट कोसळल्यावर त्यांना हुद्दा परत मिळाला. धाकाच्या राज्यात सगळ्यात वरच्या खुर्चीवरचा माणूसही हुकूम मोडण्याची किंमत देतोच.

मोहन रानडे त्या दिवशी आग्वादमध्ये नव्हते. २६ वर्षांची शिक्षा, त्यातली पाच वर्षं एकांतवासाची, आणि १९६० मध्ये त्यांना लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यात हलवलेलं. गोवा सुटला, ते सुटले नाहीत. सुधीर फडक्यांनी त्यांच्यासाठी महाराष्ट्र ढवळून काढला. तामिळनाडूच्या अण्णादुराईंनी पोपना भेटून शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली.

म्हणून ही वाट आग्वादला संपत नाही. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे जिथे ठेवले गेले तो पेनिशचा किल्ला २०२४ पासून पूर्ण स्वरूपात प्रतिकाराचं राष्ट्रीय संग्रहालय म्हणून खुला आहे, लिस्बनहून उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटर. पीडेची दप्तरं लिस्बनच्या तोर दु तोंबु अभिलेखागारात आहेत. पोर्तुगालला जाणाऱ्या मराठी माणसाने फादो ऐकावं, समुद्र पाहावा, आणि एक दिवस पेनिशसाठी राखून ठेवावा.